वाचकांचे प्रश्न : ग्रंथालय बंद, शोधनिबंध हवा

या वेळच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या गावांतून आली आहे: कोविडमुळे कॉलेज बंद, ग्रंथालयाला कुलूप, आणि इंटरनेटवर हवा तो शोधनिबंध सापडला की पुढे पैशांची पाटी. म्हणून सप्टेंबर 2021 च्या या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवून याच प्रश्नांना जागा दिली आहे. पत्रं थोडी छाटली आहेत. संकेतस्थळांची नावं देवनागरीत दिली आहेत. ती इंग्रजीत टाइप केलीत की सापडतील.

प्रश्न : हापूसच्या गरात होणाऱ्या साका या विकारावर एमएस्सीचा प्रबंध लिहितो आहे. विद्यापीठाचं ग्रंथालय बंद, त्यामुळे घरूनच काम चाललं आहे. लेखाचं नाव मिळतं, सारांश वाचता येतो, पण पूर्ण लेखाला तीस-चाळीस डॉलर मागतात. एवढे पैसे आणायचे कुठून? — कृषी पदव्युत्तर विद्यार्थी, देवगड

उत्तर : पैसे भरू नका. प्रकाशकाच्या पानावर कुलूप असलं तरी त्याच लेखाची दुसरी प्रत लेखकाच्या संस्थेच्या भांडारात किंवा एखाद्या सरकारी संग्रहात असू शकते, आणि लेखकाने ती तिथे ठेवायला बहुतेक प्रकाशकांची ठरावीक अटींवर परवानगी असते. कुठे बघायचं एवढाच प्रश्न.

आधी गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचा संशोधन-लेखांसाठीचा शोध. साधं गूगल नव्हे. लेखाचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाका. निकालाशेजारी ‘पीडीएफ’ असा दुवा दिसला तर काम झालंच. नसेल तर निकालाच्या खाली बारीक अक्षरांत ‘ऑल 5 व्हर्जन्स’ अशासारखी ओळ असते. तिच्याकडे सहसा कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि फुकट प्रत पुष्कळदा तिच्याच मागे असते.

तिथे नाही मिळाला तर लेखाचा डीओआय घ्या. हा लेखाचा कायमचा क्रमांक: 10 ने सुरू होतो, मग टिंब, काही आकडे, तिरकी रेघ आणि पुढे अक्षरं-आकडे. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स असेल तर ‘अनपेवॉल’ हे छोटं जोडसाधन (एक्स्टेंशन) बसवा. प्रकाशकाचं पान उघडलं की उजव्या कडेला कुलपाचं चिन्ह येतं. हिरवं असेल तर दाबा, मोफत प्रत उघडते. करडं असेल तर त्याच्या यादीत प्रत नाही. फोनवरच्या क्रोमला असली जोडसाधनं चालत नाहीत, तेव्हा तिथे ‘कोअर’ या स्थळावर डीओआय चिकटवा. चिकटवताना वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम क्रमांकाबरोबर येतो आणि ‘असा लेख नाही’ असं उत्तर मिळतं. निम्मी निराशा या टिंबापायी असते.

मिळालेली प्रत कोणती आहे ते बघून घ्या. भांडारांत बऱ्याचदा स्वीकृत हस्तलिखित असतं: परीक्षकांच्या नजरेखालून गेलेलं, पण नियतकालिकाच्या मांडणीत न बसवलेलं. मजकूर तोच, पृष्ठक्रमांक वेगळे. संदर्भ देताना तपशील छापील लेखाचे द्या, मात्र हस्तलिखितातला पृष्ठक्रमांक उचलू नका. शिवाय काही प्रकाशक अशी प्रत 6 ते 24 महिने रोखून धरायला लावतात, त्यामुळे यंदाचा लेख मिळाला नाही तरी 2018 चा मिळतो.

आता तुमच्या विषयापुरतं. साका इंग्रजीत ‘स्पंजी टिश्यू’. काही लेखांत ‘इंटर्नल ब्रेकडाउन’ या मोठ्या नावाखाली तो येतो. दोन्ही शब्दांनी वेगवेगळा शोध घ्या आणि सोबत ‘अल्फान्सो’ लिहा. ‘जेली सीड’चे लेखही पुढ्यात येतील, तो जवळचा पण वेगळा विकार आहे, त्याचे निष्कर्ष साक्याला सरळ लावू नका. फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजू लागते आणि त्यातून साका होतो, हा मुद्दा मांडणारा लेख ‘करंट सायन्स’मध्ये 2004 साली आला होता. त्या नियतकालिकाचे जुने अंक त्याच्याच स्थळावर मोफत आहेत. बागेत वापरायच्या औषधांचं तर आणखी वेगळं: दुकानात ‘कल्टार’ म्हणतात ते शोधायचं ‘पॅक्लोब्युट्राझोल’ या रासायनिक नावाने. बाजारातल्या नावाने शोधलंत तर जाहिरातीच हाती लागतात.

आणि परदेशी लेखांच्या मागे धावण्याआधी ‘कृषिकोश’ उघडा. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या या भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचेही. हापूसवर कोकणातल्याच मातीत, कोकणातल्याच हवेत झालेले प्रयोग तुम्हाला दुसरीकडे इतके एकत्र मिळायचे नाहीत. तिथला शोध हट्टी आहे. शीर्षकातला एखादाच शब्द टाका, मग विद्यापीठाच्या नावाने गाळा. फायली स्कॅन केलेल्या आणि जड असतात.

प्रश्न : घरातल्या कोविड रुग्णासाठी एप्रिलमध्ये बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा शोधत जिल्हाभर फोन केले. नंतर कळलं की त्याचा उपयोग होत नसल्याचा अभ्यास भारतातच आधी झाला होता. असे मूळ अभ्यास आमच्यासारख्या डॉक्टर नसलेल्यांनी कुठे बघायचे? व्हॉट्सॲपवर येणारे ‘अभ्यास’ कसे तपासायचे? — निवृत्त शिक्षक, गुहागर

उत्तर : तुम्ही म्हणता तो भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा ‘प्लॅसिड’ अभ्यास. 39 रुग्णालयं, मध्यम स्वरूपाचा कोविड झालेले 464 रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. 28 दिवसांत आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, हे प्लाझ्मा मिळालेल्यांत 19 टक्के आणि न मिळालेल्यांत 18 टक्के. तो ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 22 ऑक्टोबर 2020 ला आला आणि पहिल्या दिवसापासून कुणालाही मोफत वाचता येतो. सरकारी उपचार-मार्गदर्शनातून प्लाझ्मा वगळला गेला तो 17 मे 2021 ला. मधले सात महिने लोक रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवत होते.

असे अभ्यास शोधायची मुख्य जागा ‘पबमेड’, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची लेखसूची. इंग्रजीत ‘कॉन्व्हॅलेसंट प्लाझ्मा’, ‘कोविड’, ‘इंडिया’ एवढे शब्द टाका. मग डावीकडच्या गाळण्यांत दोन खुणा करा: ‘फ्री फुल टेक्स्ट’ आणि ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’. फोनवर ही गाळणी बटनामागे असतात. पहिल्या खुणेने पैशांची पानं गळतात. दुसरीने मतं, पत्रं आणि दोन-चार रुग्णांच्या हकिगती. पबमेडवर फक्त सारांश असतो, पूर्ण लेख ‘पबमेड सेंट्रल’ किंवा ‘यूरोप पीएमसी’वर. नावं सारखी असल्याने लोक पबमेडचा सारांश वाचून ‘लेख वाचला’ म्हणतात. फक्त कोविडचे लेख विषयवार लावलेले हवे असतील तर त्याच अमेरिकन ग्रंथालयाचं ‘लिटकोविड’ आहे. आयसीएमआरचं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ही मोफत आहे.

सारांश पुरत नाही याचं उदाहरण डेक्सामेथासोनचं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीची बातमी 16 जून 2020 ला आली: स्वस्त स्टेरॉइडने जीव वाचतात. लेखातला तक्ता उघडा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत 28 दिवसांतले मृत्यू औषधाने 29.3 टक्के, औषधाविना 41.4. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत 23.3 आणि 26.2. ऑक्सिजनचीही गरज नसलेल्यांत मात्र 17.8 आणि 14.0; म्हणजे फायदा नाहीच, कल उलटा. व्हॉट्सॲपवर पोहोचली ती पहिली ओळ, तिसरी नाही. औषध कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण ‘कोणत्या रुग्णांत?’ हा प्रश्न त्यांना विचारायला तक्ता वाचता आला पाहिजे.

याच चाचणीचा लेख 22 जूनला ‘मेडआर्काइव्ह’वर आला आणि 17 जुलैला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये. मेडआर्काइव्ह, बायोआर्काइव्ह, रिसर्च स्क्वेअर इथे असतात ते पूर्वमुद्रित लेख, तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीचे. सगळे मोफत, म्हणूनच सर्वांत जास्त फिरणारे. पानाच्या डोक्यावर तशी सूचना असते. फिरवणारा स्क्रीनशॉट काढताना तीच कापतो. नव्या विषाणूत एचआयव्हीचे तुकडे असल्याचा लेख 31 जानेवारी 2020 ला बायोआर्काइव्हवर आला आणि 2 फेब्रुवारीला लेखकांनी मागे घेतला. कोविडवर आयव्हरमेक्टिन या औषधाच्या बाजूने ज्याचा फार दाखला दिला जाई तो इजिप्तचा लेख रिसर्च स्क्वेअरने जुलै 2021 मध्ये काढून टाकला. म्हणून पूर्वमुद्रित लेख दिसला की तीन गोष्टी बघा: ‘विथड्रॉन’ असा शिक्का आहे का, ही कितवी आवृत्ती, आणि ‘नाऊ पब्लिश्ड इन’ अशी ओळ आली आहे का. आली असेल तर छापील लेखच वाचा.

छापील लेखही मागे घेतले जातात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा ‘लॅन्सेट’मधला लेख 22 मे 2020 ला आला आणि 4 जूनला रद्द झाला, कारण त्यामागची माहिती कुणालाच तपासू दिली गेली नाही. त्याची डाउनलोड केलेली पीडीएफ आजही फिरते, आणि जुन्या पीडीएफवर ‘रद्द’ असं कोण छापणार? यासाठी लेख कुठूनही आला तरी त्याचं नाव पबमेडमध्ये टाकून एकदा बघावं. मागे घेतलेला असेल तर तिथे ठळक सूचना असते. आणि निरोपात नियतकालिकाचं नाव, साल, लेखकाचं आडनाव यांतलं काहीच नसेल तर तो शोधत बसू नका.

प्रश्न : आमच्या वाडीत रेंज येत नाही, सड्यावर गेल्यावर येते. तिथे बसून किती वाचणार? — बीएस्सीची विद्यार्थिनी, राजापूर तालुका

उत्तर : सड्यावर वाचू नका, फक्त उतरवा. घरी वहीत डीओआयची यादी करा. वर गेल्यावर पबमेड सेंट्रलवर लेखाचं साधं वेबपान उघडा. ते पीडीएफपेक्षा सहसा हलकं असतं. क्रोमच्या तीन टिंबांखालच्या बाणाने ते पान उतरवता येतं आणि नंतर रेंजशिवाय उघडतं. पीडीएफ घेतलीत तर फाइलला लगेच ‘आडनाव-साल-विषय’ असं नाव द्या, नाहीतर आकड्यांच्या नावाच्या वीस फायलींत हवी ती सापडणार नाही. ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या भांडारावरचे प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतात, हा तुमचा फायदा: पद्धतीचं प्रकरण आणि संदर्भसूची आधी घ्या, बाकी लागलं तर.

प्रश्न : तारली किनाऱ्यावर कधी ढिगाने येते, कधी वर्षभर तोंड दाखवत नाही. सोसायटीच्या बैठकीत याची खरी आकडेवारी आणि कारणं मांडायची आहेत. मासळीवरचं संशोधन मोफत मिळतं का? — मच्छीमार सोसायटीचे सचिव, मालवण

उत्तर : मासळीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था, म्हणजे सीएमएफआरआय, 1947 पासून काम करते आहे, आणि तिच्या ‘ईप्रिंट्स’ भांडारात शास्त्रज्ञांचे लेख, वार्षिक अहवाल आणि ‘मरीन फिशरीज इन्फर्मेशन सर्व्हिस’ या पत्रिकेचे जुने अंक मोफत आहेत. ही पत्रिका लेखांपेक्षा सोपी असते. तिथूनच सुरुवात करा.

शोध शास्त्रीय नावाने घ्या, कारण पेडवे, तारली ही नावं बंदरागणिक वेगळ्या माशांना लागतात. तारली म्हणजे सार्डिनेला लाँगिसेप्स, बांगडा म्हणजे रास्ट्रेलिगर कानागुर्टा, बोंबील म्हणजे हार्पाडॉन नेहेरियस. पापलेटसाठी दोन नावं टाकावी लागतील: जुन्या लेखांत पँपस अर्जेंटियस, अलीकडच्या काहींत पँपस कँडिडस.

काही नोंदींपुढे फाइल उघडत नाही, ‘रिक्वेस्ट अ कॉपी’ असं बटन असतं. ते दाबून ईमेल पत्ता आणि एका ओळीत कारण लिहा. विनंती थेट लेखकाकडे जाते. आकड्यांची एक खबरदारी: सीएमएफआरआय निवडक बंदरांवर नमुना पद्धतीने मोजणी करून राज्याचा अंदाज काढते, राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे आकडे वेगळ्या पद्धतीने गोळा होतात. अर्धी वर्षं एकाची, अर्धी दुसऱ्याची घेऊन आलेख काढलात तर नसलेली घट किंवा वाढ दिसेल. एकच मालिका धरा. समुद्राचं तापमान, प्रवाह, प्लवक यांसाठी गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं भांडार बघा.

प्रश्न : 22 जुलैच्या पुरात झेरॉक्स, नोंदी, संगणक सगळं गेलं. फोनमध्ये प्रबंधाच्या संदर्भसूचीचे फोटो तेवढे उरले आहेत, साधारण दीडशे लेख. पुन्हा कसे मिळवू? — पीएचडी विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : सूची आहे म्हणजे अर्धं काम आहे. गूगल लेन्सने फोटोंतला मजकूर अक्षरांत आणा. मग आकडे एकदा डोळ्यांनी तपासा; लेन्स 1 आणि इंग्रजी एल, 0 आणि ओ यांत गल्लत करतं, आणि खंडक्रमांक चुकला की लेख सापडत नाही. नंतर डीओआयची नोंद ठेवणाऱ्या ‘क्रॉसरेफ’ या संस्थेचं ‘सिंपल टेक्स्ट क्वेरी’ हे पान उघडा. एका ओळीत एक संदर्भ, असे थोडे थोडे चिकटवत जा. ज्यांचे डीओआय सापडतील ते समोर येतात. ते अनपेवॉलमधून काढा.

डीओआय मिळणार नाही ते मुख्यतः जुन्या भारतीय नियतकालिकांचे लेख. त्यातले बरेच सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘नोपर’ भांडारात मोफत आहेत: समुद्रविज्ञान, पारंपरिक ज्ञान, रसायन. ज्या संस्थेकडे हे भांडार होतं ती 2021 मध्ये दुसऱ्या एका संस्थेशी एकत्र होऊन निस्पर झाली, त्यामुळे जुने दुवे अडले तर ‘नोपर’ हेच नाव शोधा. दीडशेच्या दीडशे परत मिळवायच्या नादी लागू नका. ज्यांतून आकडे किंवा पद्धत घेतली आहे तेवढे आधी.

प्रश्न : एका मित्राने रशियन स्थळ सांगितलं, तिथे डीओआय टाकला की कुठलाही लेख मिळतो. वापरू का? — वाचक, श्रीवर्धन

उत्तर : ते साय-हब. प्रकाशकांच्या परवानगीविना प्रती देतं. डिसेंबर 2020 मध्ये एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. लेखांच्या किमती अवाच्या सव्वा आहेत हे खरंच, पण या सदरात सांगितलेले सगळे मार्ग कायदेशीर आहेत आणि आम्ही तेवढेच सांगू.

प्रश्न : दाभोळ आणि चौल बंदरांच्या इतिहासावर लिहिते आहे. विज्ञानाचं सगळं मोफत मिळतं, इतिहासाचं काय? — प्राध्यापिका, सावंतवाडी

उत्तर : ‘जेस्टोर’ या अभ्यास-नियतकालिकांच्या संग्रहावर स्वतःच्या नावाने मोफत खातं काढा. पूर्वी महिन्याला सहा लेख वाचता यायचे, महासाथीत ती मर्यादा 100 केली आहे. लेख पडद्यावर वाचायचे, उतरवता येत नाहीत, तेव्हा शेजारी वही ठेवा. फार जुने लेख तिथे खात्याशिवायही उघडतात. तुमचं कॉलेज अनुदानित असेल तर ग्रंथपालांना ‘एन-लिस्ट’चं खातं मागा. कॉलेजांना नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणारी, इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राची ही सोय घरूनच वापरायची असते, आणि पुष्कळ कॉलेजांनी वर्गणी भरूनही ती प्राध्यापकांपर्यंत पोहोचलेली नसते.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा खंड 1880 चा, कुलाबा आणि जंजिऱ्याचा अकरावा 1883 चा. दाभोळ पहिल्यात, चौल दुसऱ्यात. दोन्ही ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर पूर्ण उतरवता येतात. तिथे शोधताना जागेची जुनी इंग्रजी स्पेलिंगं वापरा. अर्काइव्हने मार्च 2020 मध्ये प्रतीक्षायादीविना उघडलेलं आणीबाणीचं ग्रंथालय मात्र त्याच वर्षी 16 जूनला बंद झालं. त्यानंतर कॉपीराइट असलेली पुस्तकं ठरावीक वेळेपुरती, एका वेळी एकालाच मिळू लागली. मराठीतले प्रबंध शोधगंगेवर आहेत, पण बरेचसे स्कॅन केलेले, त्यामुळे आतला मजकूर शोधता येत नाही. शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही तऱ्हांनी टाकून बघा, नाहीतर विद्यापीठ आणि विभागाच्या यादीतून खाली उतरा.

प्रश्न : कोविडवरचे लेख मोफत आहेत ते कायम तसेच राहतील का? आणि कुठेच नाही मिळाला तर लेखकाला लिहिलं तर चालतं का? — परिचारिका, अलिबाग

उत्तर : सगळेच राहतील असं धरू नका. संशोधनाला पैसे देणाऱ्या ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने 31 जानेवारी 2020 ला केलेल्या आवाहनाला प्रतिसाद देऊन प्रकाशकांनी कोरोनाचे लेख उघडले, पण अनेकांवर ‘हे केंद्र (प्रकाशकाचं कोविड-लेखांचं स्थळ) चालू आहे तोवर’ किंवा ‘महासाथ आहे तोवर’ अशी ओळ आहे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा परवाना लिहिलेला असेल तो लेख कायमचा मोकळा. बाकीचे लागतील तसे आजच उतरवून ठेवा.

लेखकाला जरूर लिहा, यात संकोच नको. सारांशाच्या पानावर पत्रव्यवहाराच्या लेखकाचा ईमेल असतो. इंग्रजीत चार ओळी: तुम्ही कोण, कुठे काम करता, लेखाचं पूर्ण नाव आणि डीओआय, कशासाठी हवा. विषयाच्या जागी लेखाचं नाव लिहा. नुसतं ‘रिक्वेस्ट’ लिहिलेली पत्रं कचऱ्याच्या खणात जातात. आठवड्यात उत्तर नाही आलं तर दुसऱ्या लेखकाला लिहा. जुन्या लेखांच्या बाबतीत संस्था बदललेली असते आणि पत्र परत येतं. तेव्हा गूगल स्कॉलरवर त्यांचा सर्वांत ताजा लेख काढून त्यावरचा पत्ता घ्या.